डबीतले खडे आणि पोटातलं दुखणं

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नातेवाईकांना बोलावतात तो प्रसंग ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. मावशीच्या वेळी मी आणि मावसभाऊ उभे होतो, दार किलकिलं झालं आणि सिस्टर किडनी ट्रे घेऊन बाहेर आल्या, ट्रेमध्ये चिरलेलं पित्ताशय, हिरवट-तपकिरी, हवा गेलेल्या फुग्यासारखं, आणि त्याच्या शेजारी खडे. चौदा. मावसभावाने मोबाईलच्या टॉर्चमध्ये मोजले. हरभऱ्याएवढे, एकमेकांवर घासून पैलू पडलेले. "बघा, केवढे होते" म्हणून ते एका झाकणाच्या डबीत घालून आमच्या हातात दिले. ती डबी आज मावशीच्या शोकेसमध्ये आहे, चांदीचा गणपती आणि नातवाचं कराटेचं मेडल यांच्या मधे. आल्यागेल्याला ती काढून दाखवली जाते, आधी खुळखुळ वाजवून आणि मग झाकण उघडून.

आणि मावशीचं दुखणं? ते जिथल्या तिथे आहे. दुपारी जेवल्यावर छातीच्या मधोमध जळजळ, पोट डब्ब, करपट ढेकर, रात्री आडवं झालं की घशाशी आंबट, म्हणजे ज्या तक्रारी घेऊन ती सोनोग्राफीला गेली होती त्या सगळ्या. उलट आता तेलकट खाल्लं की पळावं लागतं, ते नवीन.

डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं की ऑपरेशन सक्सेसफुल झालं, आणि ते खरंच तसं झालं होतं, चार बारीक भोकं, टाके स्वच्छ, दुसऱ्या दिवशी घरी. सर्जनच्या हातात काही खोट नव्हती हो. पण हे जे दुखतंय ते या खड्यांमुळेच दुखतंय का, आणि खडे गेल्यावर ते जाईल का, जाण्याची शक्यता साधारण किती, हे ऑपरेशनच्या आधी आम्ही कुणी विचारलं नाही आणि आम्हाला कुणी सांगितलंही नाही. डबीतल्या खड्यांनी खडे होते एवढंच सिद्ध झालं. ते दुखत होते हे कशावरून?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की पित्ताशय काढायच्या आधी प्रत्येक पेशंटला त्याचं स्वतःचं दुखणं जाण्याची शक्यता किती ते सांगितलंच पाहिजे, त्यासाठी काय विचारायचं हे आता माहीत झालेलं आहे, कुठली महागडी टेस्ट लागत नाही, आणि ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी एक फोन करून "दुखतं का हो अजून" असं विचारून उत्तर कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. यात एवढं कठीण काय आहे मला खरंच कळत नाही.

आता आपल्याकडे यात एक अस्सल मराठी घोळ आहे, तो म्हणजे पित्त हा शब्द. डोकं दुखून उलटी झाली, पित्त. उपास केला आणि जळजळलं, पित्त. अंगावर गांध्या उठल्या, पित्त, लावा आमसूल. जागरण, जास्तीचा चहा, उन्हातून येणं, सगळ्याचं पित्त. बॉस भडकला तर त्याचंही पित्तच खवळतं. आणि सोनोग्राफीवाले काय सांगतात, तर पित्ताशयात खडे आहेत. मग साध्या माणसाने काय समजायचं? पित्ताच्या पिशवीत बिघाड, म्हणून पित्त होतंय, पिशवी काढली की पित्त संपलं. मावशीने अ‍ॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी अक्षरशः हेच सांगितलं होतं मला, "ती पिशवीच काढून टाकतायत गं, आता मिसळ खायला मी मोकळी."

खरं तर ज्याला आपण घरात पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं अ‍ॅसिड असतं. डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात ते यकृतात तयार होतं, आणि पित्ताशय ही त्याची नुसती साठवणाची टाकी, तीही ३० ते ५० मिलीची, कटिंग चहासुद्धा मावणार नाही एवढी. टाकी काढली तरी यकृत आपलं काम चालूच ठेवतं, पित्त सरळ आतड्यात ठिबकत राहतं. म्हणजे गंमत बघा, आपल्या पित्ताचा त्या पिशवीशी संबंध नाही आणि डॉक्टरांच्या पित्ताला ती पिशवी असली काय नसली काय. हे दोन मिनिटांत मराठीत सांगता येतं. मावशीला कुणीही सांगितलं नाही.

मग खड्याचं दुखणं नेमकं असतं कसं? तेलातुपाचं काही पोटात गेलं की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, त्याच्या हुकुमाने पित्ताशय आवळलं जातं आणि साठवलेलं पित्त बाहेर ढकलतं. त्या वेळी एखादा खडा तोंडाशी अडकला की आतला दाब वाढतो, आणि माणूस कळवळतो. हे दुखणं बरगडीखाली उजवीकडे किंवा छातीच्या हाडाखाली वरच्या पोटात असतं, चढत जातं आणि मग एका पातळीला ठाण मांडून बसतं, निदान अर्धा तास तरी, कधी दोन-चार तास. लाटांसारखं येत-जात नाही. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्याखाली जातं, मळमळतं, रात्री झोपेतून उठवतं, कूस बदलून, ढेकर देऊन, अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन थांबत नाही, आणि खडा मागे सरकला की जसं आलं तसं जातं. मग कदाचित महिनाभर काही नाही. रोज येत नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. ज्याला हे एकदा झालंय तो तारीख-वार सांगतो, "चुलतभावाच्या लग्नात, हळदीच्या रात्री, दीड वाजता." याउलट ज्याला रोज जेवल्यावर पोट जड होतं, वारा धरतो, ढेकरा येतात, त्याला तारीख सांगता येत नाही कारण तो रोजच आजारी असतो.

(एक बाजूची गोष्ट, पण राहवत नाही म्हणून लिहिते. वरच्या पोटात अचानक गच्च दुखून घाम फुटला तर ते हार्ट अ‍ॅटॅकचंही असू शकतं, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतर आणि शुगर असेल तर. तिथे गॅस झालाय म्हणून सोडा पिऊन झोपू नका, आधी ईसीजी काढा.)

आता हे दोन प्रकार एकाच पोटात एकत्र नांदू शकतात, इथेच सगळी गडबड आहे. खडे खूप जणांच्या पोटात असतात, बायकांच्या जास्त, आणि बहुतेकांना ते जन्मभर काही त्रास देत नाहीत. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या १२३ प्राध्यापक-कर्मचाऱ्यांच्या पोटात असे मुके खडे सापडले होते, त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून १९८२ मध्ये निष्कर्ष छापले, तर १५ वर्षांत साधारण १८ टक्के लोकांनाच खड्याचं दुखणं झालं. बाकीचे खडे गप्प बसून राहिले. दुसरीकडे अ‍ॅसिडिटी, गॅस, जड पोट हे तर घरोघरी. मग फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये सोनोग्राफी फुकट मिळते, त्यात खडे दिसतात, आणि पोटातली प्रत्येक कुरकुर त्या खड्यांच्या नावावर चढते. गल्लीत चोरी झाली की नवीन आलेल्या भाडेकरूवर संशय, तसंच.

हॉलंडमधल्या लोकांनी मात्र बसून हिशेब केला. तिथल्या २४ हॉस्पिटलांत, खडे आणि पोटदुखी दोन्ही असलेले १०६७ पेशंट घेतले, अर्ध्यांचा निर्णय नेहमीसारखा सर्जनच्या अंदाजाने घेतला आणि अर्ध्यांना आधी पाच प्रश्नांची चाळणी लावली. दुखणं जोराचं असतं का, अटॅक निदान पंधरा ते तीस मिनिटं टिकतो का, वरच्या किंवा उजव्या पोटात असतो का, पाठीत जातो का, साध्या वेदनाशामक गोळीने कमी होतो का. पाचही हो असतील तर ऑपरेशन. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. वर्षानंतर ज्यांचं दुखणं पूर्ण गेलं असे लोक नेहमीच्या पद्धतीत ६० टक्के आणि चाळणीच्या गटात ५६ टक्के.

हे आकडे लोक आपापल्या सोयीने वाचतात म्हणून नीट सांगते. एक, चाळणी लावल्याने ऑपरेशनं कमी झाली, ७५ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर, आणि खड्यांमुळे होणारे इतर त्रास वाढले नाहीत. दोन, पण चाळणीची पद्धत नेहमीच्या पद्धतीइतकीच चांगली आहे हे काही त्यांना ठामपणे सिद्ध करता आलं नाही, म्हणजे पाच प्रश्न विचारले की काम झालं असं मीही म्हणू शकत नाही. आणि तीन, जे मला सगळ्यात मोठं वाटतं, की कुठल्याही गटात बघा, दर दहातले चार जण वर्षानंतरही कुठेतरी दुखतंय म्हणत होते. दहातले चार! हे हॉलंडमधलं, जिथे आधी फॅमिली डॉक्टर बघतो आणि मगच सर्जनकडे पाठवतो. मावशी काही अपवाद नव्हती, चारांतली एक होती.

इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या डॉक्टरांनी त्याच्याही पुढे जाऊन ४३४ पेशंटांवर बघितलं, अर्ध्यांना ऑपरेशनची तारीख, अर्ध्यांना गोळ्या आणि वाट बघा, म्हणजे ज्यांना खड्याचं दुखणं आहे पण कावीळ, इन्फेक्शन असलं काही झालेलं नाही असेच लोक. २०२३ मध्ये छापून आलं. १८ महिन्यांत वाट बघणाऱ्यांपैकी फक्त चौथ्या हिश्शाचं ऑपरेशन झालं, आणि दोन्ही गटांच्या दुखण्याच्या मार्कांत म्हणावा असा फरक नव्हता. यातही मेख आहे, ऑपरेशनच्या गटातल्यांचंही तोवर सगळ्यांचं झालेलं नव्हतं, दोन तृतीयांश लोकांचंच झालं होतं, त्यांच्याकडच्या वेटिंग लिस्टची कृपा. तरी एवढं तर कळतं ना की खड्याचं दुखणं आपलं आपण मागे पडू शकतं, आणि आठ-पंधरा दिवस विचार करायला घेतले म्हणून बहुतेकांच्या डोक्यावर आभाळ कोसळत नाही.

मग कुणाचं दुखणं जातं? तेही हॉलंडवाल्यांनीच काढलं, दीड हजाराहून जास्त ऑपरेशन झालेल्यांचा सहा महिन्यांनंतरचा हिशेब लावून, २०२१ मध्ये. ज्यांचं दुखणं चांगलं कमी झालं त्यांच्यात दिसलेल्या गोष्टी अशा, वय जास्त, आधी पोटाचं ऑपरेशन झालेलं नाही, सुरुवातीला दुखण्याचा जोर मोठा, पाठीत जाणारी कळ, साध्या गोळीने मिळणारा उतार, मळमळ, आणि छातीत जळजळ नाही. यात एमआरआय नाही, रक्त नाही, काहीच नाही. खडे किती आणि केवढे हेसुद्धा यात नाही! चौदा असोत की एक, हरभरा असो की बोर. म्हणजे आपण ज्या गोष्टीकडे डोळे फाडून बघतो, ट्रेमध्ये, डबीत, सोनोग्राफीच्या काळ्या फोटोत, ती त्या यादीतच नाही.

मावशीला या यादीत बसवून बघितलं मी. छातीत जळजळ, हो. पाठीत कळ, नाही. दुखण्याचा जोर, "रोजचंच गं, सवय झालीये." आधी पोटाचं ऑपरेशन, एक सिझर, एक नसबंदी. तिचं वाचून कुणीही सांगितलं असतं की बाई, तुमचे खडे खरे आहेत पण तुमचं दुखणं बहुतेक दुसरीकडचं आहे.

आणि हे आधीच्या ऑपरेशनचं कलम आपल्याकडे नीट थांबून वाचायला हवं. आपल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांमध्ये पोटाला एकदाही कात्री न लागलेली बाई शोधायला गेलात तर दमाल. सिझर, नसबंदी, आणि त्यानंतर पिशवी. ही दुसरी पिशवी. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं कशी सर्रास काढली गेली ते २०१९ मध्ये सगळ्या देशाने वाचलं, सरकारने समितीही नेमली. मी त्या प्रकाराची आणि पित्ताशयाची बरोबरी करत नाही, तिथे उसाच्या फडातली मजुरी, मुकादमाची उचल, खाडा पडला की दंड हे सगळं होतं. पण एक धागा तोच आहे. बाई सांगते पोटात दुखतं, आणि तिला "नेमकं कुठे, कधी, किती वेळ" असं विचारण्याऐवजी पोटातली कुठलीतरी पिशवी काढली जाते. दोन्ही पिशव्यांना आपण पिशवीच म्हणतो हेही काय कमी आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मी मनापासून मांडतेय, औपचारिकता म्हणून नाही. काही लोकांना पित्ताशय काढायलाच हवं आणि लवकर काढायला हवं. खडा अडकून पित्ताशयाला सूज आली, ताप आला, खडा पित्तनलिकेत उतरून कावीळ झाली, किंवा स्वादुपिंडाला सूज आली, तर तिथे चर्चा नको, कारण स्वादुपिंडाची सूज जीव घेऊ शकते. तिथे दुखणं जाईल का हा प्रश्नच गौण आहे, पुढचा धोका टाळायचा असतो. आणि ज्यांना वर सांगितली तशी खरीखुरी कळ वारंवार येते त्यांना ऑपरेशननंतर नवा जन्म मिळाल्यासारखं वाटतं, मी पाहिलेत असे लोक. १८८२ मध्ये बर्लिनला कार्ल लांगेनबुख यांनी जगातलं पहिलं पित्ताशय काढलं तो पेशंट ४३ वर्षांचा माणूस होता आणि सोळा वर्षं कळा सोसून आलेला होता. पहिल्याच माणसाची निवड बघा किती चोख.

तेव्हा हा लेख वाचून कुणी तारीख रद्द करून कुळथाच्या काढ्यामागे लागू नये, प्लीज. कुळीथ आपल्याकडे मुतखड्यासाठी पितात, आणि मुतखडा किडनीत असतो, त्याचा मूत्रमार्ग वेगळा, याचा रस्ता वेगळा. ते ऑलिव्ह ऑइल आणि लिंबूरस पिऊन सकाळी हिरवे खडे पडल्याचे फोटो फिरतात ना, ते खडे नसतात, पोटात त्या तेलाचाच साबण झालेला असतो, लॅबमध्ये तपासून सिद्ध झालंय. खडे विरघळवणारी खरी गोळी आहे एक, पण ती लहान, कॅल्शियम न धरलेल्या खड्यांवरच चालते, महिनोनमहिने घ्यावी लागते, आणि बंद केल्यावर पाच वर्षांत साधारण निम्म्यांचे खडे परत येतात. कॅन्सरची भीतीही घालतात बऱ्याचदा. पित्ताशयाचा कॅन्सर गंगेच्या खोऱ्यात, यूपी-बिहारकडे खूप आढळतो, आपल्याकडे त्यामानाने फार कमी, त्यामुळे मोठा पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ), तीन सेंटिमीटरहून मोठा खडा असलं खास कारण नसेल तर निव्वळ त्या भीतीपोटी मुके खडे काढायला लावणं पटत नाही.

मग आपल्याकडे एवढ्या सहज तारीख कशी मिळते? मला यात कुणी खलनायक दिसत नाही, म्हणजे असतीलही एकेक, पण मुख्य कारण दुसरं आहे. ऑपरेशन सोपं झालं. आधी बरगडीखाली वीतभर चीर, आठ-दहा दिवस हॉस्पिटल, महिनाभर रजा, त्यामुळे पेशंटही दहादा विचार करायचा आणि सर्जनही. मग दुर्बीण आली. मुंबईत जेजेमध्ये डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९९० मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीतलं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, आणि ही फार मोठी गोष्ट होती यात वादच नाही, हातावर पोट असलेल्या माणसाला आठवडाभरात कामावर जाता येऊ लागलं. पण सोपं झालं की उंबरठा खाली येतो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याचा हिशेब १९९४ मध्ये छापून आला होता, दुर्बीण आल्यावर एकेका ऑपरेशनमागचा मृत्यूचा धोका एक तृतीयांशाने उतरला, पण ऑपरेशनंच पावपटीहून जास्त वाढली, आणि एकूण मृत्यू होते तेवढेच राहिले. मला हा आकडा विसरता येत नाही. सोप्या ऑपरेशनमध्येसुद्धा हजारात तीन ते पाच जणांच्या मुख्य पित्तनलिकेला इजा होते, आणि ते प्रकरण आयुष्यभर पुरतं. ज्याचं दुखणं जाणार आहे त्याने तो धोका जरूर घ्यावा. ज्याचं जाणारच नाहीये त्याने कशासाठी घ्यायचा?

त्यात मेडिक्लेमचं गणित. बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षं खड्यांचं ऑपरेशन कव्हर होत नाही, म्हणून लोक दोन वर्षं थांबतात आणि मग "आता बसतंय तर करून घेऊ" म्हणतात. ऑपरेशन केलं तर कॅशलेस. पण डॉक्टरने पाऊण तास बसून, दुखणं कसं, कधी, कुठे, गोळीने थांबतं का, चहा किती, तंबाखू आहे का, झोप कशी, घरी काही टेन्शन, असं सगळं विचारून शेवटी "तुम्हाला ऑपरेशनची गरज नाही, दोन महिने गोळ्या घ्या आणि बघू" असं सांगितलं तर त्याचे इन्शुरन्सवाले सहसा काही देत नाहीत, आणि पेशंटही बाहेर येऊन म्हणतो, नुसतंच बोलले, केलं काहीच नाही. हे आपलं पाप आहे, डॉक्टरांचं नाही. सर्जनकडे येणारा पेशंट हातात रिपोर्ट आणि मनात मुहूर्त घेऊनच आलेला असतो, पोरांच्या परीक्षेनंतर, दिवाळीच्या आधी.

आणि दुखणं राहिलं की खेळ तिथे थांबत नाही हो. मावशीला आता कुणीतरी सांगितलंय की नलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू घट्ट झालाय, दुर्बिणीतून तो कापून घ्या. अमेरिकेत यावर एक फार सुंदर प्रयोग झाला, २०१४ मध्ये आला. पित्ताशय काढूनही दुखतंय अशा २१४ लोकांना भूल देऊन दुर्बीण घातली, काहींचा स्नायू खरा कापला आणि काहींचा कापल्यासारखं केलं, कुणाचं काय ते पेशंटला ठाऊक नाही. वर्षाने बघितलं तर खरा कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना बरं वाटलं आणि खोटा कापलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना! मावशीला मी हे दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "मग मला पण खोटंच करा म्हणावं."

हसू आलं, पण त्यातच सगळं आलं. दुखणं ही गोष्ट ट्रेमध्ये ठेवून दाखवता येत नाही, म्हणून तिचा हिशेब कुठे लागत नाही. हॉस्पिटलमध्ये टाके पिकले का, पुन्हा अ‍ॅडमिट व्हावं लागलं का, पेशंट गेला का हे मोजता येतं. पण पेशंट ज्या एका कारणासाठी आला होता त्याचं काय झालं हे सहा महिन्यांनी कोण विचारतं? दुखणं राहिलेला पेशंट त्या सर्जनकडे परत जातच नाही, तो दुसऱ्याकडे जातो, मग सर्जनला प्रामाणिकपणे वाटत राहतं की आपले सगळे पेशंट बरे झाले.

म्हणून मागणी छोटी आहे. संमतीपत्रावर भूल, रक्तस्राव, वेळ पडली तर पोट उघडावं लागेल, हे सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं, बऱ्याचदा इंग्रजीत, आणि सही घेतात ती ऑपरेशनच्या आदल्या रात्री. त्यात मराठीत एक ओळ घाला, हे दुखणं खड्यांचं असण्याची आणि ऑपरेशनने जाण्याची शक्यता जास्त / मध्यम / कमी, डॉक्टरांनी एकावर खूण करावी. नक्की टक्के नकोत, हॉलंडच्या पोटांवरून काढलेले टक्के आपल्या झणझणीत रश्शावर आणि उपाशी चहावर वाढलेल्या पोटांना जसेच्या तसे लागू होणार नाहीतच. म्हणूनच दुसरी गोष्ट, सहा महिन्यांनी फोन. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांनी सुरुवात करावी, तिथे इंटर्न आहेत, थिसिससाठी विषय शोधणारे रेसिडेंट आहेत, दोन वर्षांत आपल्याच लोकांचा आकडा हातात येईल. सरकारी योजनेत पैसे देताना सरकार इतके कागद मागतं, हा एक कागद मागायला काय हरकत आहे? सर्जन मंडळींचं म्हणणं असतं की असं लिहून दिलं तर उद्या पेशंट कोर्टात जाईल. मला उलटं वाटतं. "कमी" वर खूण असताना ज्याने सही केली तो कुठल्या तोंडाने जाईल? चिडतो तो माणूस ज्याला काहीच सांगितलेलं नसतं.

हे सगळं मी गेल्या उन्हाळ्यात वहिनीवर करून बघितलं. तिलाही खडे निघाले, तीन, आणि तिलाही लगेच तारीख देत होते. मी म्हटलं, वहिनी, दोन महिने फक्त लिहून ठेव. आपल्या घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, कामवालीची सुट्टी सगळं लिहिलेलं असतंच, त्याच चौकटीत दुखण्याचंही लिहायचं ठरलं. जळजळ झाली तर ज, गच्च दुखलं तर द, आणि किती वेळ तो आकडा. दोन महिन्यांनी मे-जूनची पानं फाडून ती सर्जनकडे गेली. एकवीस ज होते. द तीनच, पण तिन्ही रात्रीचे, दीड-दोन तासांचे, आणि एकापुढे तिने स्वतःहून लिहिलं होतं, पाठीत, उलटी.

डॉक्टरांनी चष्मा वर करून ती दोन पानं बराच वेळ वाचली, दुधाच्या हिशेबासकट. मग पेनने तीन द ना गोल केला आणि म्हणाले, "हे तीन माझे. ते थांबतील असं मी बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. हे एकवीस माझे नाहीत, ते ऑपरेशननंतरही राहतील, त्यांच्यासाठी तुमचा सकाळचा उपाशी चहा बघा." वहिनीने ऑगस्टमधली तारीख घेतली, आणि घरी येऊन जुलैचं पान उलटून त्यावर आधी सिलेंडर लिहिला.